स्लॉपी जोचा बन ओला होऊ नये म्हणून

स्लॉपी जो हा अमेरिकन घरांतला कामाच्या दिवसांतला रात्रीचा पदार्थ. बीफचा खिमा, केचप, कांदा, ढोबळी मिरची आणि हॅम्बर्गरचे बन. एक पॅन, अर्धा तास, आणि सहा जणांचं जेवण तयार. नावातल्या ‘स्लॉपी’चा अर्थच ओघळणारा, हात बरबटवणारा. तो ओघळावाच, त्यातच त्याची मजा आहे. पण दाट, चकचकीत सॉस बनच्या कडेने ओघळणं वेगळं आणि खालचा बन पाणी पिऊन हातातच फाटणं वेगळं. चव बहुतेक वेळा जमून जाते, चुकतो तो पाण्याचा हिशोब. खिमा परतताना पाणी नीट उडालं का, सॉसमध्ये किती उरलं आणि बनमध्ये किती शिरलं, या तीन जागांवर लक्ष ठेवलं तर हा पदार्थ पहिल्याच वेळी उत्तम होतो.

सुटा खिमा बनमध्ये भरून खायची पद्धत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, विशेषतः आयोवा राज्यात रुजली. तिथल्या मस्कटीन गावात १९२६ साली फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने ‘मेड-राइट’ सुरू केलं. तिथलं सँडविच म्हणजे सुटा, मोकळा खिमा, टोमॅटो अजिबात नाही. टोमॅटोच्या सॉसमधला स्लॉपी जो हे त्याचंच भावंड. १९६९ मध्ये हंट्स या कंपनीने ‘मॅनविच’ हा डबाबंद सॉस बाजारात आणला आणि एक पौंड खिमा परतून त्यावर डबा ओतायचा, हीच अनेक घरांतली कृती झाली. न्यू जर्सीत मात्र हेच नाव घेतलं तर थंड मांसाचे काप, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि रशियन ड्रेसिंग नावाचा सॉस घातलेलं तीन थरांचं सँडविच समोर येतं. त्याचा इथे काही संबंध नाही.

डबा न वापरता घरी करण्याचं खरं कारण म्हणजे गोडवा आपल्या हातात राहतो. आणि त्यासाठी वेळही जेमतेम दहा मिनिटंच जास्त लागतो.

आता सामान. सहा बनसाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम बीफचा खिमा. एक मध्यम कांदा (१५० ग्रॅम), अर्धी हिरवी ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या. टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, केचप पाऊण कप (१८० मिली), पाणी अर्धा कप (१२० मिली). ब्राउन शुगर १ मोठा चमचा, वूस्टरशायर सॉस १ मोठा चमचा, पिवळा मस्टर्ड सॉस १ छोटा चमचा, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर १ छोटा चमचा, चिली पावडर १ छोटा चमचा, काळी मिरी पाव छोटा चमचा. मीठ पाव छोटा चमचा, बाकीचं शेवटी चव बघून. सहा हॅम्बर्गर बन आणि त्यांना लावायला ३० ग्रॅम लोणी. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा, दोन्ही सपाट भरलेले. चिली पावडर म्हणजे अमेरिकेत मिळणारं मिश्रण: मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो आणि लसणाची पूड असलेलं. नुसतं लाल तिखट त्याच मापाने घातलं तर मुलं ताटाला हात लावणार नाहीत. ते वापरायचंच असेल तर पाव छोटा चमचा तिखट आणि अर्धा छोटा चमचा जिरेपूड घ्या.

खिमा घेताना पाकिटावरचे आकडे बघा. ८०/२० म्हणजे ऐंशी टक्के मांस आणि वीस टक्के चरबी. या पदार्थाला ८५/१५ सगळ्यात चांगला. ८०/२० चवीला छान, पण चरबी इतकी सुटते की काढून टाकावीच लागते, आणि न काढता तसाच ठेवला तर सॉसवर नारिंगी तेल तरंगतं. ९३/७ सारखा अगदी चरबीविरहित खिमा या सॉसमध्ये चालतो, पण परतताना त्याला एक मोठा चमचा तेल द्यावं लागतं, नाहीतर तो पॅनला चिकटतो आणि रबरासारखा चिवट लागतो. खिमा गोठलेला असेल तर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या. अर्धवट गोठलेला गोळा पॅनमध्ये टाकला तर बाहेरचा खिमा शिजून कोरडा होतो आणि मधून पाणी सुटतच राहतं.

पॅन रुंद हवा, १२ इंच म्हणजे ३० सेंटीमीटरचा. खोल पातेलं नको. वाफ निघून जायला जितका पृष्ठभाग जास्त तितकं चांगलं, आणि हे पुढे सॉस आटवतानाही उपयोगी पडतं. बिडाचा पॅन चालतो. टोमॅटो आंबट असतो, तरी नीट मुरवलेल्या बिडाला पंधरा मिनिटांच्या रटरटण्याने काही होत नाही. फक्त उरलेला पदार्थ त्यातच रात्रभर ठेवू नका.

पॅन मध्यम ते मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापू द्या. खिमा टाका, कालथ्याने दाबून एका थरात पसरवा आणि हात मागे घ्या. तीन ते चार मिनिटं हलवायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथे होते. खिमा पडल्याबरोबर तो फोडायला, ढवळायला सुरुवात केली की सगळं पाणी एकदम सुटतं, पॅनचं तापमान पडतं आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो. रंग करडा, वास उकडलेल्या मांसाचा, चव फिकी. पाणी पॅनमध्ये आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि मांसाला खरपूस तपकिरी रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते.

कान उघडे ठेवले तर पॅन सगळं सांगतो. खिमा टाकताना जोराचा चर्र आवाज येतो, मग पाणी सुटायला लागलं की तो मऊ होत होत बुडबुड्यांचा होतो. या वेळी आच कमी करू नका, झाकणही ठेवू नका. दोन-तीन मिनिटांत पाणी उडतं आणि आवाज पुन्हा बदलतो: कोरडा, तीक्ष्ण, तडतडणारा. हा चरबीत तळलं जाण्याचा आवाज. खालची बाजू तपकिरी झालेली दिसली की खिमा मोठ्या तुकड्यांत उलटा, आणखी दोन मिनिटं थांबा आणि मगच फोडायला घ्या. फोडायला बटाटे कुस्करायचं मॅशर कालथ्यापेक्षा सरस. मटाराच्या दाण्याएवढे तुकडे व्हायला हवेत. त्याहून मोठे असतील तर ते बनमधून घरंगळून ताटात पडतात. अगदी बारीक भुगा केला तर खाताना मांस जाणवतच नाही, नुसता लगदा लागतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शिफारशीनुसार बीफचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे १६० अंश फॅरनहाइटपर्यंत शिजायला हवा. टर्की किंवा चिकनचा ७४ अंशांपर्यंत. असा तपकिरी होईपर्यंत परतल्यावर आणि पुढे दहा मिनिटं रटरटवल्यावर तो त्याच्या बराच वर गेलेला असतो, तेव्हा या पदार्थात काळजी नाही.

खिमा खूपच पाणी सोडत असेल तर एक साधा उपाय आहे. पाव छोटा चमचा बेकिंग सोडा एका मोठ्या चमचाभर पाण्यात विरघळवा, ४५० ग्रॅम कच्च्या खिम्याला हलक्या हाताने लावा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, मांस आपलं पाणी धरून ठेवतं आणि तपकिरी रंगही लवकर येतो. याहून जास्त सोडा घातला तर साबणासारखी चव येते, म्हणून अंदाजाने चिमूट टाकण्यापेक्षा मापाचा चमचाच घ्या.

आता पॅन एका बाजूला कलता करा आणि जमलेली चरबी चमच्याने काढा. एक मोठा चमचाभर ठेवा, कांदा त्यातच परतायचा आहे. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका. ती पाइपात गोठते. रिकाम्या डब्यात गार होऊ द्या आणि केरात टाका. पॅनच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर मात्र जपा, अर्धी चव तिथेच आहे.

कांदा आणि ढोबळी मिरची खिम्यानंतर घालायची, खिम्यासोबत नाही. बऱ्याच कृतींत तिन्ही एकदम टाकायला सांगतात, वेळ वाचावा म्हणून. कांदा आणि मिरचीत भरपूर पाणी असतं, आणि ते नेमकं खिम्याला रंग यायच्या वेळी सुटतं. खिमा एका बाजूला सारा, मोकळ्या जागेत बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि पाव छोटा चमचा मीठ घाला. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं आणि त्या ओलाव्याने तळाचा थर सैल होतो. कालथ्याने तो खरवडून घ्या. पाच-सहा मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. चिरताना दोन्ही भाज्या खिम्याच्या तुकड्यांएवढ्याच बारीक ठेवा. मोठे तुकडे चावताना अख्खेच्या अख्खे बाहेर ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर निम्मं सारणही येतं. शेवटी लसूण घालून अर्धा मिनिट परता. लसूण आधी घातला तर करपून कडू होतो.

मग टोमॅटो पेस्ट. ती थेट सॉसमध्ये कालवू नका. पॅनच्या मध्यावर घालून एक ते दोन मिनिटं परता, लाल रंग विटकरी होईपर्यंत. कच्चा, डब्यातला वास जातो आणि गोडसर खमंग वास येतो. पेस्टचा दुसरा उपयोग म्हणजे सॉसला अंग येतं, आणि त्यामुळे पुढे कॉर्नस्टार्च लावायची वेळ येत नाही. कॉर्नस्टार्चने सॉस घट्ट होतो खरा, पण चिकट, जेलीसारखा होतो. या पदार्थात तो नकोच.

आता केचप, वूस्टरशायर, मस्टर्ड, ब्राउन शुगर, चिली पावडर, मिरी आणि पाणी. गोडवा आणि मीठ यांचा हिशोब इथेच करून टाकू. साध्या अमेरिकन केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर असते. पाऊण कप म्हणजे बारा मोठे चमचे, म्हणजे केचपमधूनच जवळजवळ ४८ ग्रॅम साखर आली. त्यावर एक मोठा चमचा ब्राउन शुगर पुरे झाली, आणि कमी गोड आवडत असेल तर तीही निम्मी करा. पाव कप ब्राउन शुगर सांगणाऱ्या कृती सापडतात. तेवढी घातली की सारण मुरंब्याकडे झुकतं आणि तळाशी लागायलाही लागतं. मिठाचंही तसंच. त्या बारा चमच्यांतून साधारण २ ग्रॅम सोडियम येतं, म्हणजे जवळजवळ एक छोटा चमचा मीठ आधीच पडलेलं असतं. शिवाय वूस्टरशायर आणि मस्टर्डचं वेगळं. खिमा परतताना हात सैल सोडून मीठ घातलं तर सॉस आटल्यावर ते पुढे येतं आणि मग मागे फिरता येत नाही.

वूस्टरशायर सॉस वगळू नका. त्यात आंबवलेले अँकोव्ही मासे, चिंच, मळी आणि व्हिनेगर असतं. केचपच्या एकसुरी गोडपणाखाली जी खोल, खारट-आंबट चव लागते ती यानेच येते. मासे न खाणाऱ्यांसाठी अँकोव्ही नसलेले प्रकार मिळतात. तेही नसतील तर दोन छोटे चमचे सोया सॉस आणि अर्धा छोटा चमचा व्हिनेगर घाला, आणि मीठ अजिबात घालू नका.

उकळी आली की आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा आणि झाकण न ठेवता दहा ते बारा मिनिटं रटरटू द्या. दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा. साखर तळाशी बसते आणि करपायची सुरुवात तिथूनच होते. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. कालथ्याने पॅनच्या मधून एक रेघ ओढा. पॅनचा तळ दिसून दोन-तीन सेकंद तसाच राहिला आणि मग सॉस हळूहळू परत आला, तर बरोबर. लगेच मिटला तर अजून पाणी आहे. शंका असेल तर चमचाभर सारण बशीत ठेवून मिनिटभर थांबा. कडेला फिकट पाण्याची वर्तुळाकार रेघ उमटली तर तेच पाणी उद्या नाही, आत्ताच बनमध्ये जाणार आहे. आणखी तीन मिनिटं आटवा. रेघ नसेल तर गॅस बंद करा. सारण गार होताना थोडं आळतं, म्हणून पार कोरडं होईपर्यंत थांबू नका.

व्हिनेगर आच बंद केल्यावर घाला. आधी घातलं तर त्याचा तरतरीतपणा वाफेबरोबर निघून जातो. मग चव बघा. गोड लागत असेल तर आणखी अर्धा छोटा चमचा व्हिनेगर किंवा थोडं मस्टर्ड. मीठ घालून गोडवा झाकू नका. फार आंबट असेल तर साखरेपेक्षा एक छोटा चमचा लोणी जास्त छान काम करतं. फार खारट झालं तर एकच मार्ग: थोडा बिनमिठाचा टोमॅटो प्युरे घालून पुन्हा आटवणं. तेल वर तरंगत असेल तर पॅन कलता करून चमच्याने काढा, किंवा कागदी टॉवेलची कड नुसती टेकवा.

तिकडे सारण आटत असताना इकडे बन. बन आडवे कापून आतल्या दोन्ही बाजूंना लोण्याचा पातळ हात फिरवा आणि मध्यम आचेवर कापलेली बाजू खाली ठेवून एक-दोन मिनिटं भाजा. सोनेरी, कडक पापुद्रा यायला हवा. लोण्याचा थर आणि हा पापुद्रा मिळून सॉसला काही मिनिटं आत शिरू देत नाहीत. न भाजलेला बन स्पंजासारखा असतो, पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. टोस्टरमध्ये भाजला तर पापुद्रा येतो पण लोण्याचा अडसर नसतो, म्हणून पॅनच बरा. पिठात बटाटा घालून केलेले बन मऊ असूनही फाटत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. ब्रिऑश हा अंडी-लोणी घातलेला फ्रेंच पाव आधीच गोड आणि लोण्याने भरलेला, या गोड सॉसबरोबर जड होतो. मोठी भूक असेल तर कायझर रोल, म्हणजे कडक सालीचा गोल पाव, भक्कम. आणखी एक थर हवा असेल तर खालच्या बनवर अमेरिकन चीज किंवा चेडरची चकती ठेवा आणि त्यावर गरम सारण घाला. चीज वितळून बनला चिकटतं आणि ओल अडवतं.

एका बनला अर्धा कप सारण. त्याहून जास्त भरलं तर वरचा बन दाबताच ते चहूबाजूंनी निसटतं. बन आधी भरून ठेवू नका. पॅन टेबलावर मांडा, ज्याने त्याने खायच्या क्षणी भरावं. आत काकडीच्या गोड लोणच्याऐवजी आंबट डिल पिकलच्या, म्हणजे शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याच्या, चार चकत्या घातल्या तर गोडवा छान कापला जातो. बाजूला कोलस्लॉ, मक्याची कणसं किंवा बटाट्याचे कुरकुरीत टेटर टॉट्स.

टर्कीच्या खिम्याने करायचं असेल तर एक मोठा चमचा तेल आणि वूस्टरशायर दीडपट. टर्कीची स्वतःची चव सौम्य असते. मांस कमी करायचं असेल तर निम्मा खिमा आणि २२५ ग्रॅम बारीक चिरलेले मशरूम. मात्र मशरूम आधी वेगळे परतून त्यांचं सगळं पाणी उडवा. मांसाशिवाय करायचं तर तपकिरी किंवा हिरवी मसूर एक कप, आधी वेगळी पूर्ण मऊ शिजवून, निथळून. कच्ची मसूर सॉसमध्येच शिजवायला टाकली तर टोमॅटोच्या आंबटपणामुळे ती तासभर दडदडीत राहते. सोललेली लाल मसूर विरघळून जाते, ती नको.

जास्त माणसांसाठी करताना दोन गोष्टी बदलतात. एका पॅनमध्ये दोन पौंड खिमा एकदम टाकला तर तो उकडणारच, म्हणून पौंडा-पौंडाने परता. आणि पाणी चौपट करू नका. चार पौंड खिम्याला दोन कप पाणी लागत नाही, कारण मोठ्या भांड्यात वाफ त्या प्रमाणात निघत नाही. पाऊण कपाने सुरुवात करा. स्लो कुकरमध्ये गरम ठेवायचं असेल तर खिमा आधी परतूनच घाला आणि पाणी पूर्णपणे वगळा, तिथे झाकणाला लागलेली वाफ परत आत पडते.

उरलेलं सारण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर तासाभरात. उथळ डब्यात पसरवलं की लवकर गार होतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव चांगली राहते. पिशवीत भरून चपटं करून गोठवलं तर सुटायला वेळ लागत नाही. पुन्हा गरम करताना दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला, ७४ अंशांपर्यंत तापवा आणि कालथ्याची ती रेघ पुन्हा एकदा ओढून बघा.